कुपवाड एमआयडीसीत आमचं ४० जणांचं मशीन शॉप आहे. ऑपरेटरना दर महिन्याला ट्रेनिंग देऊनही रिजेक्शन (बाद होणारे नग) हटत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की महिन्यातून एकदा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून दोन तास प्रोजेक्टर लावता आणि मग हजेरीपत्रकावर सह्या घेता. त्यातून फाईल भरते, हात बसत नाही. खरं तर ऑडिटलाही तेवढं पुरू नये. आयएसओ ९००१ या गुणवत्ता-मानकाच्या ७.२ कलमात शिकवलेलं कामी आलं का, हेही तपासायला सांगितलंय.

सुरुवात रिजेक्शनच्या रजिस्टरपासून करा. तीन महिन्यांचे बाद जॉब (म्हणजे मशीनवर केलेले नग) मशीन, शिफ्ट आणि ऑपरेटर लावून मांडा. एकच दोष सगळ्यांच्या हातून होत असेल तर आधी फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा), टूल नाहीतर मटेरियल बघा; तिथे ट्रेनिंगचा उतारा चालत नाही. ठराविक माणसांकडूनच होत असेल तर शिकवा.

समजा शाफ्टचा व्यास ५० मि.मी. आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एकूण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग). ऑपरेटर मशीनवरून काढलेला गरम जॉब तसाच मायक्रोमीटरला लावतो. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे २० अंशांनी गरम असलेला हा जॉब ११-१२ मायक्रॉन मोठा दिसणार. पोरगा ऑफसेट (मशीनवरची मापाची सेटिंग) कमी करतो, जॉब गार झाला की अंडरसाइज, थेट भंगारात. ‘माप नीट घ्या’ असं दहा वेळा बजावून हे थांबत नाही.

त्यापेक्षा एका कागदावर तीन रकाने आखा: पायरी, कळीचा मुद्दा, कारण. ‘जॉब पुसून ठेवा; मास्टर पीसशेजारी (माप पक्कं माहीत असलेला नमुना), दोन्ही सारखे गार होईपर्यंत; गरम जॉब मोठा दिसतो.’ ‘मायक्रोमीटर लावा; रॅचेटनेच (टोकाची टकटक वाजणारी कळ), थिंबल (फिरवायची नळी) आवळू नका; दाबाने माप कमी येतं.’ पाच-सात पायऱ्या पुरे. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच फसतं: कारण माहीत नसलेली पायरी घाईच्या शिफ्टला सगळ्यात आधी सुटते.

मग मशीनवरच शिकवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्यांची भरती झाली, तेव्हा बसवलेली पद्धत आजही चालते. आधी त्याला काय येतं ते विचारा. मग तीनदा करून दाखवा: एकदा पायऱ्या सांगत, एकदा मुद्दे, एकदा कारणं. मग त्याच्याकडून करून घ्या आणि कारणं त्याच्याच तोंडून येऊ द्या. शेवटी एकट्याला सोडा, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते नाव सांगून. पहिल्या दिवशी तासातासाला फेरी मारा, पुढे कमी करा. ‘कळलं का?’ हा प्रश्न टाळा. त्याला आपल्याकडे ‘हो साहेब’ एवढंच उत्तर येतं.

शिकवणारा निवडताना एक गोष्ट हमखास राहून जाते. तुमच्याकडे पीसवर इन्सेंटिव्ह असेल तर शिकवताना त्याचे पीस कमी पडतात. तेवढे पैसे भरून दिले नाहीत, तर दोन दिवसांत ‘बघून बघून शिक’ सुरू होतं. शिवाय सगळ्यात तरबेज ऑपरेटर चांगला शिकवेलच असं नाही.

कोणाला काय येतं याचा तक्ता भिंतीवर लावा. प्रत्येक नाजूक कामाला शिफ्टमागे किमान दोन माणसं हवीत, नाहीतर ऑक्टोबरात द्राक्षछाटणीसाठी एकाने सुट्टी टाकली की मशीन बंद.

शिकाऊ उमेदवारांचंही बघा: १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. ४० जणांवर किमान एक, जास्तीत जास्त सहा.

चार आठवड्यांनी तेच रजिस्टर, तोच दोष पुन्हा मोजा. आणि सुपरवायझरला एखाद्या पहाटे चार वाजता, न सांगता, त्या मशीनपाशी उभं राहून बघू द्या की जॉब गार व्हायला ठेवला जातोय का.