थंब लावला की हजेरी झाली का?

मागच्या अंकात प्राध्यापकांनी कॉलेजात किती वेळ थांबायचं यावर मी जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, तर पत्रांचा असा ढीग पडला की संपादक म्हणाले, सर, पूर्ण कॉलमच यावर करून टाका. चार पत्रं घेतली आहेत. मी पण आयुष्यभर नागपुरातच मास्तरकी केली, त्यामुळे थोडी बाजू घेतली गेली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : सर नमस्कार. मी नागपुरातल्या एका अनुदानित कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. माझे तास साडेसात ते दहा. पण बाहेर पडतानाचा थंब, म्हणजे मशीनवरची अंगठ्याची हजेरी, अडीचच्या आधी लावला तर हाफ डे लागतो. स्टाफरूममध्ये आम्ही अकरा जण आणि खुर्च्या सहा, कूलर आहे पण त्यात पाणी टाकायला कोणी नाही. पुस्तकं सगळी घरी. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा घरून शिकवलंच ना आम्ही, मग आता तास नसताना घरून काम केलं तर काय बिघडलं? नियम नेमका काय आहे? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : नियम आधी सांगतो, म्हणजे वाद कमी होईल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत पूर्णवेळ शिक्षकाला आठवड्याचे ४० तास आहेत, तेही वर्षातले ३० आठवडे म्हणजे १८० दिवस. त्यात असिस्टंट प्रोफेसरला शिकवण्याचे १६, वरच्या दोघांना, म्हणजे असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसरला, १४. आणि रोज किमान पाच तास कॉलेजात उपलब्ध असलं पाहिजे, हे तिथे स्वच्छ लिहिलं आहे. हे काही २०१८ ला नवीन आलेलं नाही, २०१० च्या नियमांतही होतंच, फक्त तेव्हा थंबचं मशीन नव्हतं म्हणून कोणाला आठवत नव्हतं.

आता हिशोब करा. आठवडा सहा दिवसांचा धरलाय, म्हणजे पाच तासांनी झाले तीस. चाळीसातले उरले दहा. हे दहा तास वाचन, नोट्स, असाइनमेंट तपासणं यातच जातात आणि ते कुठे बसून करायचं हे त्या वाक्यात कुठेच नाही. तुम्ही साडेसातला येता म्हणजे साडेबाराला पाच तास भरले. प्राचार्य अडीच म्हणतात तर ते सात तास झाले, रोज सात म्हणजे आठवड्याचे बेचाळीस, चाळीसाच्याही वर दोन. हे कागदावर मांडून शांतपणे त्यांच्यासमोर ठेवा, पण साडेदहाला निघायची परवानगी मागायला जाऊ नका, ती मिळणार नाही आणि मिळूही नये.

का ते सांगतो. त्या नियमातला खरा शब्द ‘उपलब्ध’ आहे. आमच्या डिपार्टमेंटला एक सीनियर होते, दाराला खिळ्यावर पाटी टांगलेली असायची, शाळेतली असते ना तशीच, चौकटीचं लाकूड उखडलेली. त्यावर खडूनं लिहून जायचे, ‘लायब्ररीत आहे, बाराला येतो’, ‘कॅन्टीन, या तिकडेच’. खुर्चीत ते फार कमी दिसायचे, पण पोरगं त्यांना शोधायला गेलं आणि सापडले नाहीत असं मला तरी आठवत नाही. आणि दुसरे एक होते, मस्टरवर सही करून जे जायचे ते पॉलिसीचे हप्ते गोळा करायला, खुर्चीवर स्वेटर टाकलेला असायचा म्हणजे वाटावं की सर इथेच कुठेतरी आहेत. मे महिन्यातही स्वेटर, बाप्पा! बायोमेट्रिक आलं ते अशांमुळे, आणि आता भोगता तुम्ही लोकं.

कोविडचं म्हणाल तर २०२१ मध्ये यूजीसीनं एका कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल असा मसुदा काढला होता, पण ते संस्थेनं ठरवायचं असतं, आपण आपलं घरी बसून नाही. आणि खरं सांगा, तेव्हा कॅमेरे बंद करून किती पोरं झोपली होती हे तुम्हालाही माहीत आहे.

खुर्च्यांचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. पाच तास थांबा म्हणणाऱ्यानं पाच तास बसायची जागा दिली पाहिजे. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, मीटिंगमध्ये लेखी मागा, मिनिट्समध्ये नोंद करवून घ्या. नॅकची, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेची, टीम यायची असली की पडदे बदलतात, कुंड्या येतात, तोच मोका धरायचा, खुर्च्या पण त्याच फटक्यात येऊन जातात.

प्रश्न : माझे मिस्टर प्राध्यापक आहेत, दोनला घरी येतात. शेजारच्या काकू रोज म्हणतात, तुमच्या ह्यांची मजा आहे बाई, अर्ध्या दिवसाचा पगार. काय उत्तर देऊ? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : वर जे दहा तास सांगितले ते काकूंना दाखवायचे. इंटर्नलच्या असाइनमेंट डायनिंग टेबलवर पसरलेल्या असतील तेव्हा त्यांना पोह्याला बोलवा आणि प्लेट ठेवायला जागा शोधायला लावा. पण मिस्टर दोनला येऊन पाचपर्यंत झोपत असतील तर काकूंशी वाद घालू नका.

प्रश्न : सर मी एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे, काटोलहून अपडाऊन करते. रिसर्च प्रोजेक्टवर सरांची सही पाहिजे म्हणून तीनदा आली, तिन्ही वेळा सर नाहीत. फोन उचलत नाहीत, मेसेजला ब्लू टिक येते. तक्रार केली तर मार्क कापतील का? — एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं म्हणून ठीक, नाही तर तीन चकरांचा खर्च तुझ्या गाईडलाच मागायला पाहिजे होता. आधी त्यांची बाजू एका वाक्यात सांगतो. परीक्षा सुरू असल्या की प्राध्यापक पेपर तपासायला मूल्यांकन केंद्रावर असतात, कधी दुसऱ्या कॉलेजात एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून जातात, ती पण नोकरीच आहे. पण मग दारावर एक चिठ्ठी लावायला काय जातं?

तक्रार असा शब्दच वापरू नको. एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, साधं पत्र दे, त्यात तुझ्या तिन्ही तारखा आणि किती वाजता आली होती ते लिही, आणि खाली एवढंच की सर आठवड्यातून कोणत्या दिवशी, किती वाजता भेटतील ते नोटीस बोर्डवर लावावं ही विनंती. एकटीनं देऊ नको, त्या सरांकडे प्रोजेक्ट असलेल्या सगळ्यांच्या सह्या घे, म्हणजे मार्काची भीती सगळ्यांत वाटली जाते. पत्राच्या दुसऱ्या कॉपीवर ऑफिसची पोच घ्यायची, हे विसरली तर सगळं फुकट.

प्रश्न : मी नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास आहे, एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. पैसे तासाचे, पण दहा ते पाच थांबवतात, नॅकच्या फायली माझ्याकडेच. परमनंट सर दोनला जातात. पाच तासांचा नियम मलाही लागू आहे का? — एक वाचक, नंदनवन

उत्तर : नाही. ते ४० तास आणि पाच तास पूर्णवेळ नेमणुकीवाल्यांसाठी आहेत, त्या वाक्यातच तसं आहे. तासिका तत्त्वावर नेमलं म्हणजे तासाचा हिशोब, मे-जून तर तुमचे कोरडेच जातात, मग त्या सुट्टीचा पगार घेणाऱ्यांच्या फायली तुम्ही का भरायच्या?

हे झालं नियमाचं. व्यवहारात पुढच्या वर्षीचा आदेश त्यांच्याच हातात असतो, म्हणून एकदम नाही म्हणा असा सल्ला मी माझ्या घरी बसून देणार नाही. एक डायरी ठेवा, रोज किती वाजेपर्यंत थांबलात आणि काय काम केलं ते लिहा. फायलीचं काम सांगितलं की ‘सर, याचं एक ऑफिस ऑर्डर काढून द्याल का, अनुभवाच्या दाखल्यात लागतं’ असं गोडीत म्हणा. ऑर्डर निघाली तर पुढे मुलाखतीत कामाला येईल, नाही निघाली तर बरेचदा फाइलही परत तुमच्या टेबलवर येत नाही. कॉलेजात दुसरे सीएचबीवाले असतील तर सगळ्यांनी हेच वाक्य म्हणायचं.

आणि हे मी कोणत्या तोंडानं सांगतो ते पण लिहूनच टाकतो. मी एचओडी असताना नॅकच्या आदल्या आठवड्यात एका सीएचबीच्या पोरीला संध्याकाळी साडेसातपर्यंत बसवून ठेवलं होतं. तिचं लेकरू आजीकडे, फोन सारखा वाजत होता, ती कट करत होती. मी तिला चहा पाजला, समोसा मागवला आणि स्कूटरवर घरी जाताना मला वाटत होतं की आपण काय सांभाळून घेणारे एचओडी आहोत. तिच्या त्या दिवशीच्या पगारात एकच तास होता, सकाळचा.