अर्ज मुलाचा, पासवर्ड बाबांचा

प्रश्न : माझा मुलगा २०२४ साली पुण्यातून आयटी घेऊन बीई झाला. बारावीला ५८ टक्के होते, बीईला ७.४ सीजीपीए. तेव्हापासून वाकडला कॉट बेसिसवर राहून टेस्ट आणि इंटरव्ह्यू देतोय, पण पुढे काही कळतच नाही. एका कंपनीत तीन राउंड झाले, नंतर ते फोनच उचलेनात. शेवटच्या राउंडला यानेच काही तरी चुकीचं उत्तर दिलं असणार. म्हणून त्याच्या जॉब पोर्टलचा पासवर्ड घेऊन आता मीच रोज अर्ज करतो. २१२ झाले, वहीत नोंद आहे. रात्री नऊला फोन करून आढावाही घेतो. शेजारचा मुलगा २०२१ ला पास झाला, त्याच्या हातात तीन ऑफर होत्या. एक एजंट दीड लाखात दोन वर्षांचं अनुभवाचं सर्टिफिकेट देतो म्हणतो. घ्यावं का? की सीडॅक या सरकारी संस्थेचा कॉम्प्युटर कोर्स करावा, की एमपीएससी? यंदा तो गणपतीलाही घरी आला नाही.
– एक पालक, बार्शी

उत्तर : गणपतीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी तिथेच अडकलो. पुण्याहून बार्शी म्हणजे एसटीने चार-पाच तास. सुट्टी मिळाली नाही म्हणावं, तर त्याला नोकरीच नाही. तरी तो आला नाही, कारण आरतीला जमलेला प्रत्येक जण ‘लागला का रे कुठं?’ विचारणार, हे त्याला माहीत होतं. आणि त्या माणसांपुढे तुम्ही गप्प बसणार नाही, हेही.

त्या २१२ अर्जांबद्दल विचारतो. अपेक्षित पगाराच्या रकान्यात तुम्ही काय भरलंत? ‘जावा येतं का’ला हो म्हणालात की नाही? मुलाला यातलं किती ठाऊक आहे? माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला एका कंपनीच्या एचआरचा फोन आला होता, ‘तुम्ही आमच्याकडे अर्ज केलाय.’ हा म्हणाला, ‘कुठली कंपनी?’ संभाषण तिथेच संपलं. अर्ज वडिलांनी केला होता. सरसकट केलेला अर्ज बहुतेकदा माणसापर्यंत पोचतही नाही. पासिंगचं वर्ष, टक्के, अनुभव या चाळणीतच गळतो. तुमची वही भरतेय, एवढंच.

आणि नऊचा फोन. कॅमेरा चालू ठेवून टेस्ट द्यायची, मान वळवली तरी ‘कॉपी करतोय’ असं वाटायची भीती, दुपारी नकाराची मेल, नाहीतर तीही नाही. एवढं झाल्यावर रात्री तुमचा आढावा. दिवसातली सगळ्यात अवघड मुलाखत तुम्ही घेताय, काका. कंपनीवाले निदान रोज घेत नाहीत.

शेजारच्या मुलाचं उदाहरण तर डोक्यातून काढूनच टाका. त्याची हुशारी मी नाकारत नाही, पण २०२१ हे वर्षच वेगळं होतं. कोविडनंतर जगभरातून कामं आली, लोक भराभर कंपन्या बदलत होते, जागा भरायला माणसं पुरत नव्हती. २०२१-२२ या आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसने सुमारे एक लाख फ्रेशर घेतले, इन्फोसिसने ८५ हजार. मग परदेशी ग्राहकांनी खर्च आवरता घेतला. २०२३-२४ संपताना टीसीएसची एकूण माणसं वर्षभरात १३,२४९ ने कमी झाली होती, इन्फोसिसची २५,९९४ ने. तुमचा मुलगा पास झाला तो याच उन्हाळ्यात. २०२२ मध्ये हातात ऑफर लेटर पडूनही दोन-दोन वर्षं रुजू व्हायची वाट बघणारी मुलं तेव्हा अजून रांगेत होती. त्याच परीक्षेचे, त्याच मार्कांचे दोन मुलगे, तीन वर्षांच्या अंतराने. याला तुम्ही त्याची चूक म्हणताय.

तीन राउंडनंतरची शांतता हीसुद्धा नापासाची मार्कलिस्ट नव्हे. जागा गोठवली जाते, प्रोजेक्ट निसटतो, आतल्या कुणाच्या ओळखीचा उमेदवार येतो. तिसऱ्या राउंडपर्यंत नेलं याचा अर्थ पोराला येतं. कळवायचं सौजन्य नसणं हा त्यांचा उद्धटपणा आहे. त्याची शिक्षा घरात कशाला?

सर्टिफिकेटचा विचारसुद्धा नको. अनुभव खरा असेल तर पीएफच्या यूएएन खात्यात (नोकरदाराच्या पीएफचा कायमचा क्रमांक) कंपनीचं नाव आणि तारखा दिसतात, आणि पडताळणीत बऱ्याच कंपन्या तेच बघतात. रुजू झाल्यावर चौथ्या महिन्यात हे उघडं पडलं, तर नोकरी जाते आणि डाग राहतो. शिवाय मुलाला यातून कळतं की बापाचाही त्याच्यावर भरवसा उरला नाही. हे दीड लाखांपेक्षा महाग आहे.

सीडॅकचा सहा महिन्यांचा डॅक हा डिप्लोमा चांगला कोर्स आहे; त्याची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची, पण तो म्हणाला तर. एमपीएससी ‘इथे जमत नाही म्हणून तिकडे’ करायची गोष्ट नव्हे, विषय संपला.

मुलासाठी दोन शब्द, त्याला वाचून दाखवू नका, फक्त पाठवा. बारावीचे ५८ टक्के ‘दहावीपासून सगळीकडे ६०’ मागणाऱ्या मोठ्या भरतीत आडवे येणार, त्यांच्या दारात ताटकळू नकोस. बाणेर-बावधनकडच्या वीस-पंचवीस माणसांच्या कंपन्या टक्क्यांपेक्षा तू काय बनवलंस ते बघतात. चालणारी एकच गोष्ट तयार ठेव, तिची ओळ न् ओळ तुला समजावता आली पाहिजे. कॉलेजच्या सीनियरांना फोन कर, संकोच सोड. रेफरलने, म्हणजे कंपनीतल्याच कुणाच्या शिफारशीने, गेलेला रेझ्युमे निदान कुणी तरी उघडतं. आठवड्याला पाच-सात अर्ज पुरेत.

आणि काका, फोन आता रविवारीच करा. जेवणाचं विचारा, मेसवाल्याला शिव्या घाला, पावसाचं सांगा. नोकरीचं तो काढेल तेव्हा काढेल. दिवाळीला ये म्हणा, आणि कोण काय विचारेल त्याला मी उत्तर देईन, असंही म्हणा. पासवर्ड आजच बदलायला सांगा. नवा काय ठेवला, ते विचारू नका.