वडिलांची जुनी कादंबरी फुकट वाचायला द्यायची, तर प्रकाशकाची परवानगी लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची कादंबरी २००१ साली निघाली, आता कुठंच मिळत नाही. वडील २०१८ मध्ये गेले. तुम्हाला तिची पीडीएफ सगळ्यांना फुकट द्यायची आहे आणि प्रकाशकांचा मुलगा परभणीहून फोन करून म्हणतो, "हक्क आमचे आहेत, नोटीस पाठवू."

घाबरू नका, आधी करारपत्र शोधा. मी अंबाजोगाईचा. माझा कथासंग्रह २००९ मध्ये छापून आला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी त्याची पीडीएफ ओळखीच्यांना पाठवली, तर प्रकाशकांची नोटीस आली. मी मुकाट्यानं पीडीएफ सगळीकडून काढून घेतली आणि आठ महिने गप्प बसलो. मग एक दिवस लोखंडी पेटीत आडतीच्या पट्ट्या चाळताना करारपत्र हाती लागलं. एकच पान, रेव्हेन्यू स्टॅम्पवर माझी आडवी सही, आणि मजकुरात स्वच्छ लिहिलेलं: 'पहिल्या आवृत्तीच्या पाचशे प्रतींपुरते.' त्या प्रती कधीच संपल्या होत्या. ते आठ महिने वाया गेले याचं दुःख मला अजून आहे, कारण लोकांना वाचायला वेळ होता तो तेव्हाच.

आता तुमचं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम १९ बघा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात, तोंडी बोलणं धरत नाहीत. कागदावर मुदतच लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानतात. ही पाच वर्षांची तरतूद १० मे १९९५ च्या आधीच्या करारांना लागू नाही. तुमचा त्यानंतरचा आहे, म्हणजे मुदत लिहिलेली नसेल तर तो २००६ च्या सुमारास संपला. मात्र 'कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी' असे शब्द असतील तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. पुस्तकात 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' नुसतं छापलं म्हणून हक्क जात नाहीत.

श्रेयनामावलीचं पानही नीट वाचा. आपल्याकडं कितीतरी पुस्तकांवर © पुढं 'सौ.' लावून लेखकाच्या पत्नीचं नाव असतं. तसं असेल तर आईची सही हवीच. नसेल तरी हवी. मृत्युपत्र नसेल तर जमिनीसारखेच हे हक्कही सगळ्या वारसांकडं जातात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींकडंसुद्धा. आणि ते लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे तुमच्या बाबतीत २०७८ अखेरपर्यंत टिकतात. साने गुरुजींची पुस्तकं कुणीही छापतो, मग हे का नको, असं लोक विचारतात. गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं झालं. तुमच्या वडिलांचं घरच्यांच्या संमतीशिवाय होत नाही.

मुखपृष्ठ आणि प्रस्तावना वडिलांची नाही, ती वगळा. मजकूर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करून घ्या, मोबाइलवर वाचता येतो.

परवानाही आधी ठरवा. आपलं लेखन इतरांनी कोणत्या अटींवर फुकट वापरावं हे सांगणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा तयार परवाना असतो, तो एकदा दिला की परत घेता येत नाही. 'व्यावसायिक वापर नको' अशी अट घातलीत तर विकिस्रोत हे इंटरनेटवरचं मोफत ग्रंथालय ते पुस्तक घेणार नाही. तरी मी माझ्या संग्रहाला ती अट घातलीच. वाचायला फुकट दिलेलं पुस्तक छापून कुणी गल्ला भरावा, हे मला पटत नाही.

करार सापडलाच नाही तर प्रकाशकांच्या मुलाकडंच त्याची प्रत लेखी मागा. हक्क सांगणाऱ्यानं कागद दाखवायचा असतो. मी तेव्हा एवढं एक पत्र लिहायला हवं होतं. तुम्ही ते याच आठवड्यात स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा.