सवलतींची योजना प्रथमच लिहिताना
दिव्यांग विद्यार्थ्याला वर्गात व परीक्षेत द्यायच्या सवलतींची योजना आखताना सुरुवात निदानाच्या नावापासून न करता प्रत्यक्ष अडथळ्यापासून करावी. कारण अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी विशिष्ट अडचण) असलेल्या एका मुलाला प्रश्नपत्रिका वाचून दाखवणे पुरेसे ठरते, तर दुसऱ्याला उत्तरे लिहिण्यासाठी लेखनिक लागतो. ‘गरजेनुसार जादा वेळ’ असे मोघम लिहू नये (माझ्या पहिल्या योजनेत मी नेमके हेच लिहिले आणि प्रत्येक शिक्षकाने त्याचा वेगळा अर्थ लावला). त्याऐवजी ‘60 मिनिटांच्या परीक्षेस 20 मिनिटे अधिक, स्वतंत्र खोलीत’ असे स्पष्ट लिहून जबाबदार शिक्षकाचे नावही नोंदवावे. सवलतीने अभ्यासक्रम सोपा होतो, हा सहकाऱ्यांचा गैरसमज आधीच दूर करावा. विद्यार्थ्यालाही अवश्य विचारावे. वर्गात सर्वांसमोर वेगळे पाडणारी सोय मुले बहुधा वापरतच नाहीत.