ढगाआडचा आकडा किती खरा?

प्रश्न : खडकवासल्याच्या पाणलोटातली हिरवाई सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांवरून वर्षभर मोजतोय. पावसाळ्यात सगळे ढगच. मधल्या तारखा सरळ रेघेने जोडू का?
– एम.एस्सी.चा विद्यार्थी, गणेशखिंड

उत्तर : जोडा, पण ती रेघ मे महिन्यात जितकी ठाम तितकीच ऐन जुलैतही ठाम दिसेल, आणि खोड तिथेच आहे. चित्र दर ५ दिवसांनी येतं खरं, पण पावसाळ्यात कामाची फार थोडी. त्यापेक्षा गाउसियन प्रोसेस ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरा. ती प्रत्येक तारखेला अंदाज देते आणि त्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टाही. चित्राच्या तारखेजवळ पट्टा अरुंद, चित्रं नसलेल्या काळात फुगलेला. तो किती लवकर फुगावा हे कर्नेलमधलं, म्हणजे दोन तारखांचे आकडे किती जुळतील हे सांगणाऱ्या सूत्रातलं, काळाचं माप ठरवतं. ते डेटावरून काढा, पण डोळे मिटून घेऊ नका. पहिल्या पावसानंतर सिंहगडाचे उतार बघता बघता हिरवे होतात; तुमचं माप ६० दिवस आलं, तर मॉडेल तो बदल गुळगुळीत करून टाकतंय. ढगांच्या सावल्याही गाळा. त्या मास्कमधून, म्हणजे ढगाळ भाग गाळणाऱ्या चाळणीतून, निसटतात आणि हिरवाई एकाएकी घटल्यासारखी दिसते. सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतूनही पाहतं, तेही जोडीला घ्या.

प्रश्न : ॲपवर आमच्या गल्लीत बारीक धूळकण ६३ दाखवतात. विश्वास ठेवावा का?
– गृहिणी, वाघोली

उत्तर : गल्लीपुरता नको. उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेतून प्रकाश किती अडतो ते पाहतो. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या नेहमीच्या नकाशात एक चौकोन १० किलोमीटरचा, बारीक केला तरी १ चा. मग आर्द्रता, जमिनीलगतची हवा जिथवर घुसळते त्या मिश्रथराची उंची आणि जमिनीवरची केंद्रं यांच्या आधारे मॉडेल खालचा आकडा काढतं. थंडीत पहाटे धूर खाली साचतो, तेव्हा हा उपग्रह डोक्यावर नसतोच. ‘६३’ ऐवजी ‘४५ ते ९०’ असं लिहिणारं ॲप मला जास्त प्रामाणिक वाटेल.

प्रश्न : माझ्या मॉडेलची अचूकता ९७ टक्के! गाईड खूश आहेत.
– संशोधक, पाषाण

उत्तर : चाचणीचे पिक्सेल, म्हणजे चित्रातले बारीक चौकोन, कसे निवडले? सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडले असतील, तर जवळजवळ तसाच दिसणारा शेजारचा पिक्सेल आधीच मॉडेलच्या शिकवणीत बसलाय. पूर्ण मुळशी तालुका बाजूला ठेवून तपासा. शिवाय मॉडेलच्या ९० टक्के खात्रीच्या पट्ट्यात खरे आकडे शंभरातले सुमारे ९० पडतात का ते मोजा. ६० च पडले तर मॉडेल फाजील आत्मविश्वासू आहे, आणि ९९ पडले तर पट्टा इतका रुंद की कुणाच्या उपयोगाचा नाही.

प्रश्न : गाउसियन प्रोसेसला जीपीयू (जड गणिताची वेगवान चिप) लागेल?
– कोथरूड

उत्तर : दोन-तीन हजार निरीक्षणांना लॅपटॉप पुरतो. निरीक्षणं दुप्पट केली की गणित सुमारे आठपट वाढतं, म्हणून लाखाच्या घरात गेलात तर मोजक्या प्रातिनिधिक बिंदूंवर चालणारी विरळ आवृत्ती घ्या.