अकरा महिन्यांच्या कराराला गाळा-खरेदी हे उत्तर नाही

प्रश्न : मी पुण्यात सिरॅमिकची भांडी घडवते. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून मालकांनी गाळा सोडायला सांगितलंय. करार दर वेळी अकरा महिन्यांचाच होता. आता 12 लाख बचतीतले आणि 24 लाख कर्ज घालून धायरीत 36 लाखांचा गाळा घेऊ का? बचत एकूण 14 लाख आहे, महिन्याला सरासरी 45 हजार सुटतात. तसाच गाळा तिथे भाड्याने 28 हजारांना मिळतोय. जीएसटी नोंदणी नाही.

उत्तर : आत्ता घेऊ नका. तुमची धास्ती मला कळते. भट्टीची उष्णता आणि मातीची धूळ निवासी इमारतीत कुणी चालवून घेत नाही, आणि औद्योगिक गाळ्यांना आता कार्यालयं जास्त भाडं देतात. हा अन्यायच आहे. पण त्यासाठी आयुष्याची बचत पणाला लावू नका.

पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 2 लाख 52 हजार. महिलांची एक टक्का सवलत फक्त निवासी जागेला आहे. नोंदणीचे आणखी 30 हजार. उरलेल्या दोन लाखांत हे बसतच नाही, 82 हजार कमी पडतात. भट्टी हलवणं, थ्री-फेज जोडणी, महावितरणची अनामत हे सगळं अजून मोजायचंच आहे.

साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता साधारण 32,400 येईल. मालकांची जीएसटी नोंदणी असेल तर भाडंही 18 टक्के धरून 33,040 होतं, आणि तुमची नोंदणी नसल्याने तो कर तुम्हाला परत मिळणार नाही. आकडे जवळजवळ सारखे, म्हणूनच खरेदीचा मोह होतो. पण दिवाळीनंतर ऑर्डरी आटल्या, तर भाड्याची जागा नोटीस देऊन सोडता येते. कर्ज तसं सोडता येत नाही, आणि तेव्हा गाठीला काहीच नसेल.

तुम्हाला हवी आहे ती खात्री. लीव्ह अँड लायसन्स करार 60 महिन्यांपर्यंत करता येतो. तो तसाच करून नोंदवा. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट, सहसा भाडेकरूवर लादतात; तुम्ही ती तीन वर्षं मालकांवर घाला, आणि नोटीस देऊन सोडायची तुमची मुभा राखा. दरवाढ, भट्टीची परवानगी, वाढीव वीजभाराला संमती, सगळं लेखी हवं. चामड्याचं किंवा छपाईचं काम करणारं कुणी अर्धी जागा घेत असेल तर त्यांचंही नाव करारात येऊ द्या. तुमचा वाटा 16,520 वर येईल. खरेदी केलेल्या गाळ्यातही सोबती घेता येतो, पण तो निघून गेला तर पूर्ण हप्ता तुमच्या एकटीवर.

मालकांनी स्वतःवर लॉक-इन घ्यायला नकार दिला, तर तो गाळा सोडून पुढचा बघा.