परत नागपूरला यायचं, पण कोणासाठी?

या महिन्यात एकाच विषयाची पत्रं लागोपाठ आली. सगळे मूळचे नागपूरचे, सध्या बाहेर, आणि आता परत यावं का म्हणून विचारून राहिले. पहिलं पत्र लांबलचक आहे पण मी ते कापलं नाही, का नाही कापलं ते उत्तरात कळेल.

प्रश्न: नमस्कार ताई, मी प्रतापनगरचा, वय 39, कॉलेज झाल्यापासून पुण्यात आयटीमध्ये आहे, पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला त्याचे हप्ते सुरू आहेत. दिवाळीच्या आधी बाबा बाथरूममध्ये घसरून पडले, हाड मोडलं नाही पण तेव्हापासून हातात काठी आली, आईचे गुडघे तर आधीपासूनच गेलेले. बहीण मानेवाड्याला राहते, तीच धावपळ करते. आमच्या कंपनीचं नागपूरला विमानतळाजवळ मिहानला ऑफिस आहे, मॅनेजर म्हणतो बघू, पुढच्या क्वार्टरला सांगतो. आता मनातलं सांगायचं तर पुणे मला कधी आपलं वाटलंच नाही, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जीव जातो नुसता. नागपूरला कसं, सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालं की वीस मिनिटांत कुठेही पोहोचतो, संध्याकाळी फुटाळा तलावावर मित्रांसोबत बसता येतं, शाळेतले चार-पाच जण अजून तिथेच आहेत, दर वेळी गेलो की रात्री बारा-बारापर्यंत गप्पा होतात, आणि मारबतीची मिरवणूक बघून तर किती वर्षं झाली आठवतसुद्धा नाही. बाबा म्हणतात वरचा मजला बांध, प्लॉट आपलाच आहे. बायको साताऱ्याची आहे, प्रायव्हेट बँकेत आहे, तिला विचारलं तर म्हणते तुमची इच्छा असेल तर जाऊ. मुलगी चौथीत. मी घाई करून राहिलो का ताई? की आता नाही गेलो तर जन्मभर खंत राहील?
(प्रतापनगरचा, सध्या पुणे)

उत्तर: दादा, तुमचंच पत्र पुन्हा एकदा वाचून पाहा. पोहे, फुटाळा, मित्र, मारबत मिळून चांगल्या चार-पाच ओळी आहेत आणि बायकोच्या नोकरीला मोजून तीन शब्द मिळाले. आठवण येते त्यात काही चूक नाही हो, बारा-बारापर्यंत गप्पा मारायला चार मित्र असणं ही काही लहान गोष्ट नाही, पण तुम्ही लिहिलंय सगळं आईबाबांच्या नावाने आणि ओढ दिसते वेगळीच, तर आधी ते स्वतःशी कबूल करून टाका म्हणजे पुढचा हिशोब सोपा होईल.

आणि ते "तुमची इच्छा असेल तर जाऊ", याला तुम्ही होकार धरून बसलात का? आपल्याकडच्या बायका हे वाक्य केव्हा म्हणतात ते तुमच्या आईलाच विचारा, त्या बरोबर सांगतील. परत येणार आहात ते फक्त तुम्ही. तुमची बायको आणि मुलगी परत येत नाहीयेत, त्या नवीन गावात येऊन राहिल्या आहेत, आणि बायको तर थेट सासरी. तुमचे मित्र आहेत, गल्ली ओळखीची आहे, पानठेलेवाला सुद्धा "केव्हा आला बे" विचारेल. तिला कोण विचारेल? तिच्या ओळखीची माणसं म्हणजे तुमचे आईबाबा, तुमची बहीण आणि तुमच्या मित्रांच्या बायका. साताऱ्याचं माहेर पुण्याहून शुक्रवारी रात्री निघून गाठता येतं, नागपूरहून तसं जमेल का?

आता एक साधा मंगळवार डोळ्यासमोर आणा. सकाळचे अकरा, बाबांची धंतोलीला डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे, तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, बाबा काठी घेऊन उभे, आईला जिना चढवत नाही, आणि तुम्ही मिहानला क्लायंटच्या कॉलवर. कोण नेणार? जर बायकोची नोकरी इकडे येताना सुटली असेल तर उत्तर ठरलेलं आहे, कोणी तिला विचारणार पण नाही. म्हणजे आईबाबांची सेवा करायला आले तुम्ही आणि करून राहिली ती, असं होतं, आणि हे मी दहा घरांत पाहिलंय. म्हणून माझ्या मते पहिली अट तिच्या बदलीची. प्रायव्हेट बँकांच्या शाखा नागपुरात भरपूर आहेत, तिने अर्ज टाकावा, तिचं लेटर आलं की मग तुमच्याकडचं बोला. उलट क्रमाने करू नका.

तुमचंही तसंच आहे म्हणा, "बघू" म्हणजे काही लेटर नाही. मिहानला टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल सगळे आहेत, एम्स आलं, आयआयएम आलं, तुम्ही गेलात तेव्हाचं नागपूर राहिलं नाही हे खरंच. पण हिंजवडीत एक नोकरी गेली तर रस्त्यापलीकडच्या गेटमधे दुसरी शोधता येते, इथे तुमच्या पगाराच्या खुर्च्या मोजक्या आणि त्यावर बसलेले लोक उठत नाहीत. म्हणून राजीनामा देऊन, इकडे येऊन बघतो काय मिळतं ते, हा विचार अजिबात नको, आणि पुण्याचा फ्लॅट निदान पहिली दोन वर्षं विकू नका, भाड्याने द्या, हप्त्याला हातभार लागेल.

वरच्या मजल्याचं मात्र मला खटकलं. प्लॉट "आपलाच" म्हणजे कोणाचा? बाबांच्या नावावर असेल तर तो बाबांचा आहे. तुम्ही पुण्याची बचत ओतून वर स्लॅब टाकली तरी खालची जमीन तुमची होत नाही, आणि बाबांच्या मागे मृत्युपत्र नसेल तर बहिणीचा त्यात तुमच्याएवढाच हक्क आहे. ती काही म्हणणार नाही असं तुम्ही म्हणाल, तर सांगा बरं, बाबा पडले तेव्हा दवाखान्यात रात्री कोण होतं? पत्रात तिला तुम्ही एका ओळीत गुंडाळली, पण तुमच्या येण्याने सगळ्यात जास्त तिचं आयुष्य बदलणार आहे, ओझं हलकं तरी होईल नाहीतर इतकी वर्षं मी केलं आणि आता हा आला घर घ्यायला असं वाटेल. तिच्याशी बोलणं बायकोच्या खालोखाल महत्त्वाचं आहे, आणि फोनवर नाही, तिच्या घरी मानेवाड्याला जाऊन. बांधायचंच ठरलं तर बाबांकडून काय ते कागदावर घ्या, तिच्यासमोर, आणि प्लॉट लीजचा आहे का, गुंठेवारीतला असेल तर आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) झालंय का, मूळ घराचा नकाशा मंजूर आहे का, हे एकदा वकिलाकडून बघून घ्या. नागपुरात अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात.

त्यापेक्षा माझं ऐकाल तर आधी भाड्याने घर घ्या. खामला, त्रिमूर्ती नगर, जयताळ्याकडे, जिथून पायी दहा मिनिटांत बाबांकडे पोहोचाल. लोक म्हणतील स्वतःचं घर असताना किराया भरून राहिलाय, म्हणू द्या. सुनेला स्वतःचं स्वयंपाकघर मिळतं, आईला स्वतःच्या घरातली सत्ता सोडावी लागत नाही, आणि तुम्हाला रोज संध्याकाळी जाता येतं. दोन वर्षांनी सगळ्यांनाच वाटलं तर बांधा मजला.

बाबांच्या बाथरूमसाठी मात्र बदलीची वाट बघत बसू नका, ते याच महिन्यात करा. कमोडजवळ आणि नळाजवळ धरायला स्टीलचे रॉड, घसरणार नाहीत अशा टाइल्स, आणि रात्री जाता-येता दिवा. दिवसा कोणी मदतीला बाई किंवा माणूस ठेवा, पैसे तुम्ही पाठवा, बहिणीवर नका टाकू. आणि महिन्यातून एकदा स्वतः या. ऑगस्ट 2025 पासून अजनी-पुणे वंदे भारत सुरू झालीय, साधारण बारा तास लागतात, दिवसाचा प्रवास आहे पण लॅपटॉप उघडून कामही होतं. गाडीने यायचं तर समृद्धी आता मुंबईपर्यंत पूर्ण झाला तरी तो पुण्याला जात नाही, संभाजीनगरला खाली उतरून अहिल्यानगरमार्गे जावं लागतं, एकट्याने रात्रीतून चालवायचा शहाणपणा करू नका.

अजून एक. तुम्ही नेहमी येता दिवाळीत नाहीतर डिसेंबरात, हो ना? तेव्हाचं नागपूर पाहुण्यांसाठी असतं, संत्री, थंडी, सगळं गोड. या वेळी बायको-मुलीला घेऊन मे मध्ये या आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, इथे काढा. दुपारी पारा 45 च्या वर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी भरायचं, वाळा लावला तरी त्याच्या वासाची सवय नसेल तर डोकं दुखतं, आणि मध्येच लाईट गेली की मग बघा. साताऱ्याच्या पोरीने हे बघून "चालेल" म्हटलं तर तो खरा होकार. शाळेचंही तेव्हाच बघता येईल, पण सीबीएसईत टाकायची असेल तर वर्ष एप्रिलला सुरू होतं, तेव्हा चौकशी हिवाळ्यातच करून ठेवा, स्टेट बोर्डाच्या शाळा आपल्याकडे उन्हामुळे जून संपता संपता उघडतात, तिथे जरा वेळ मिळतो. पाचवीला बदलली तर पोरगी रुळते, आठवी-नववीत आणली तर तुमच्याशी दोन वर्षं बोलणार नाही.

माझं मत विचाराल तर या. पण तिच्या बदलीचं लेटर आल्यावर. नाहीच आलं, तर पुण्यात राहून दर महिन्याला येणारा मुलगा सुद्धा चांगलाच मुलगा असतो.

प्रश्न: ताई, मी 33 ची, लग्न नाही केलं, मुंबईला अंधेरीत दोघींसोबत रूम शेअर करते. ग्राफिक डिझाइनचं काम करते, आता सगळं घरूनच असतं तर एवढं भाडं कशाला भरू असं वाटतं. आईबाबा नंदनवनला. मी येते म्हटलं तर आईचा पहिला प्रश्न, लोक विचारतील नोकरी गेली का, काय सांगू? तूच सांग आता.

उत्तर: सांगायचं की नोकरी नाही, भाडं गेलं! लोकांचं सोड बाई, ते पंधरा दिवस विचारतात, मग त्यांना दुसरं कोणीतरी सापडतं. खरी गोष्ट तुझ्या आईच्या प्रश्नाच्या मागे आहे, ती म्हणजे तू घरात आलीस की 33 ची न राहता परत 17 ची होणार. कुठे चालली, कोणासोबत, जेवायला आहेस का, एवढा वेळ खोलीत काय करून राहिली, आणि रविवारी कोणीतरी "स्थळ" घेऊन येणार. मुंबईत रात्री अकराला घरी आलीस तर कोणी मान वर करून बघत नाही, इथे समोरच्या काकू गॅलरीत उभ्या असतील.

तू ये, पण नंदनवनला येऊ नकोस. मेट्रोच्या प्रजापती नगर-लोकमान्य नगर लाइनवर धरमपेठ, शंकरनगरच्या आसपास एक बीएचके बघ, आईकडे जायला पूर्वेकडची गाडी सरळ आहे. एकट्या मुलीला घर द्यायला घरमालक कुरकुर करतात, दोन-चार ठिकाणी नाही ऐकावं लागेल, भाडेकरार रजिस्टर करून घे आणि बाबांना सोबत ने, पटकन काम होतं, पटत नसलं तरी. अंधेरीतल्या अर्ध्या खोलीच्या पैशात इथे अख्खं घर मिळेल, त्यातून उरतील त्या पैशांचा एक एसी घेऊन टाक.

आई रुसेल. चार महिने रुसेल आणि मग डबा पाठवायला लागेल.

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर्ड, ठाण्यात राहतो, मूळ इतवारीचे. चाळीस वर्षं झाली नागपूर सोडून. ठाण्याचा फ्लॅट विकून बेसा-बेलतरोडीकडे मोठं घर घ्यावं असं चाललंय, बागबगिचा होईल, नातवंडं सुट्टीत येतील. मुलं परदेशात आहेत. काय वाटतं?

उत्तर: काका, बाग चांगली आहे पण तिला पाणी कोण घालणार? बेसा-बेलतरोडीला घरं मोठी आणि भाव त्यामानाने बरे, मान्य, पण रात्री छातीत दुखलं तर रामदासपेठ-धंतोलीचे दवाखाने गाठेपर्यंत वेळ जातो, आणि रोजच्या दूध-भाजीला गाडी काढावी लागली तर सत्तरीनंतर ते नको होतं. इतवारीतली तुमची माणसं आता तिथे किती उरली, याची चौकशी एकदा करा. चाळीस वर्षांत ती पण खामला, मनीषनगर, नाहीतर पुण्याला गेली असतील.

विकायच्या आधी लक्ष्मीनगर किंवा बजाजनगरच्या बाजूला लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये वर्षभर भाड्याने राहून बघा, ठाण्याला कुलूप लावून. जमलं तर मग विका. विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं तर भांडवली नफ्यावरचा टॅक्स वाचवता येतो, तेव्हा घाई नाही केली तरी काही हातचं जात नाही, सीएकडे एकदा जाऊन या. आणि नवीन घर दोघांच्या नावावर घ्या, काकूंचं नाव आधी.